एन्सवेर्डची शेवटची फळी

“ह्या भिंतीच्या आत तुम्ही अगदी सुरक्षित आहात,” विटांवर थाप मारत सीत्से म्हणाला, आणि त्या देशात आल्यापासून मला पहिल्यांदा भीती वाटली.

तोवर ती नुसती भिंत होती. दोन पुरुष उंच, काळपट विटांची, शेवाळ धरलेली. कुणीतरी बांधली असेल म्हणून बांधली असेल. पण सुरक्षित असा शब्द निघाला की माणूस लगेच पलीकडे काय आहे ते विचारतो.

“पलीकडे काय आहे?”

“आत्ता? चिखल,” सीत्से म्हणाला. “नंतर समुद्र.”

“आणि आपण उभे आहोत ती जमीन समुद्राच्या वर आहे ना?”

“नाही. भरतीला खाली जाते. थोडीशी.”

“थोडीशी म्हणजे किती?”

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, शिंपी पाहतो तसं. “तुमची ही पिवळी टोपी भिजेल, मिस्टर दाबके. टोपीवर छत्री धरलीत तर छत्री कोरडी राहील.”

एन्सवेर्ड हे हॉलंडच्या उत्तर टोकाचं, दीडशे घरांचं गाव. आमची ऋता तिथे घर भाड्याने घेऊन राहत होती आणि रोज सकाळच्या बसने शहरात नोकरीला जात होती. मी आणि मंदा, म्हणजे माझी बायको मंदाकिनी, तिच्याकडे दोन महिन्यांसाठी गेलो होतो. सीत्से शेजारी. निवृत्त शाळामास्तर आणि गावाच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष. मंडळात आधी तो आणि त्याची बायको असे दोघे होते. बायको वारल्यापासून तो बिनविरोध निवडून येत होता. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे हे कळल्यावर त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला होता. पाण्याचा माणूस! मी त्या खात्यात चौतीस वर्षं रजेचे अर्ज पाहिले आणि पाणी फक्त ऑफिसच्या माठात पाहिलं, हे सांगायचं राहून गेलं. परदेशात मान मिळत असला की माणूस थोडं काही राहू देतो.

त्या दिवशी तो मला गाव दाखवत होता. सप्टेंबरचा शेवट, दुपार, आणि वारा असा की बोललेलं वाक्य ऐकणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं क्रियापद उडून जायचं.

आधी चर्च. ते एका टेकाडावर आहे, आणि ते टेकाड शेणामातीचं आहे. भिंती नव्हत्या तेव्हा लोकांनी पिढ्यानपिढ्या गुरांचं शेण आणि चिखल थापून स्वतःपुरती उंची तयार केली. समुद्र आला की गुरंढोरं घेऊन वर, गेला की खाली. चर्चचा मनोरा समुद्राकडे चांगलाच कललेला. “पडेल का?” मी विचारलं. “पडेल,” सीत्से म्हणाला. “पण आज नाही. आज वारा पलीकडून आहे, तो त्याला धरून ठेवतो.” ह्या माणसाने धीर दिला की मला दरदरून घाम फुटायचा.

मग पवनचक्की. तिची पाती कुठे थांबवली आहेत त्यावरून गावात लग्न आहे की मयत ते कळतं. त्या दिवशी पाती साखळीने बांधली होती. “हे कशाचं लक्षण?” “वादळाचं,” तो म्हणाला. “बांधली नाहीत तर गिरणीच उडून जाते.”

आणि मग ही भिंत. बाकी किनाऱ्यावर मातीचा रुंद बांध आहे, गवत असलेला, मेंढ्या चरतात तो. पण बंदरापाशी जागा नाही म्हणून तिथे उभी भिंत, आणि भिंतीत एक खिंड. बैलगाडी जाईल एवढी. खिंडीतून रस्ता बाहेर पडतो, जुन्या धक्क्यावर जातो आणि तिथून पुढे खाऱ्या गवताच्या पाणथळीत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खोल खाड्या, म्हणून कडेने खांब रोवलेले. बाहेर गेलेल्या माणसाला परत यायला हा एवढाच रस्ता.

आणि मंदा बाहेर गेलेली होती.

आदल्या दिवशी हिल्केने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. हिल्के ही पन्नाशीची, गाईंचा गोठा असलेली, हाताने आणि आवाजाने दणकट बाई. तिने पाणथळीतली एक हिरवी, बोटभर लांब, खारट भाजी लोण्यात परतून वाढली. मंदाने ती जिभेवर घोळवली आणि मला मराठीत म्हणाली, “लोणी कसलं घालतात मेले. ह्याला ओलं खोबरं हवं.” मंदा वेंगुर्ल्याची. मग तिने हिल्केला हातवाऱ्यांनी जागा विचारून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर पिशवी घेऊन निघाली.

“अगं, भरतीबिरतीचं विचारलंस का कुणाला?” मी म्हटलं होतं.

“कुणाला कशाला विचारायला हवं? आज नवमी.” ऋताच्या स्वयंपाकघरात आम्ही पुण्याहून नेलेली दिनदर्शिका टांगली होती. “तिथीची पाऊणपट करायची. भरती संध्याकाळी पावणेसातला, आणि तीही भांगाची, कमी पाण्याची, लंगडी. आमच्या आबांनी ह्या हिशोबावर आयुष्यभर होडी लावली. हा फोन ठेवा तुमच्याकडे, चिखलात पडेल.”

मी फोन खिशात टाकला. सासऱ्यांच्या हिशोबावर शंका घेण्याची सवय मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडली होती.

खिंडीच्या बाजूला भिंतीत एक दगड बसवलेला होता, अक्षरं झिजलेली. सीत्सेने टोपी काढली.

“तीनशे वर्षांपूर्वी, ऐन हिवाळ्यात पाणी आलं. तेव्हा एका माणसाने ही खिंड बंद केली. बाहेर त्याच्या शेजाऱ्याची बायको होती. बंद केली नसती तर गाव बुडालं असतं. सगळ्यांना मान्य होतं. शेजाऱ्यालाही. तरी तो वसंतात कुऱ्हाड घेऊन आला. मग त्याचे भाऊ, मग ह्याचे पुतणे. साठ वर्षं. चर्चला दोन दारं करावी लागली. शेवटी गावाने नियम केला. खिंडीत ओकच्या फळ्या एकीवर एक बसवतात. पण बाहेर कुणी राहिलं असेल, तर शेवटची फळी त्याच्या घरच्या माणसाने टाकायची. दुसऱ्या कुणीही नाही.”

“म्हणजे राग धरायला कुणी उरत नाही.”

“बरोबर.”

“आमच्या गावी असा ठराव झाला असता,” मी म्हणालो, “तर शेवटची फळी टाकण्याचा मान कुणाचा ह्यावरून दोन गट पडले असते.”

सीत्से हसला नाही. “ह्या नियमाचा आणखी अर्धा भाग आहे. तो असा की—”

ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. हिल्केचा ट्रॅक्टर कोपऱ्यावरून वळला, मागे फळ्यांनी भरलेली गाडी, आणि तिच्यामागे घराघरांतून गमबूट घातलेली माणसं. कुणी धावत नव्हतं. ती गोष्ट मला सर्वांत वाईट वाटली. आपल्याकडे माणसं धावायला लागली की समजायचं, फारसं काही नाही.

हिल्के खाली उतरली आणि सीत्सेशी डच भाषेत भराभर बोलली. तो माझ्याकडे वळला. “वायव्येचं वादळ लवकर आलंय. पाणी चढायला लागलं. खिंड बंद करायची. चला, आपण बाजूला होऊ. सगळे आत आहेत, ती घरोघरी विचारून आलीय.”

“आमच्या घरी विचारलं?”

“तुमच्या घरी कुणी नव्हतं.”

“मंदा बाहेर आहे,” मी म्हणालो.

सीत्सेला ते भाषांतर करून सांगावं लागलं नाही. हिल्केला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला, जोरात, आवाज येईल असा. “भाजी,” ती इंग्रजीत म्हणाली. “मी जागा सांगितली. मी!”

“पण भरती संध्याकाळी आहे,” मी म्हणालो. “आज नवमी आहे.” आणि बाहेर पाहिलं. धक्क्यापलीकडचा चिखल मघाशी तपकिरी होता. आता तो हलत होता.

“चंद्र तुमचा आणि आमचा एकच आहे, दाबके,” सीत्से हळू म्हणाला. “पण तो इथल्या पाण्याला वेगळी वेळ देतो. आणि आजच्यासारखा वारा असला की पाणी चंद्राला विचारतही नाही.”

मी तिला फोन लावला. माझ्या डाव्या खिशात वाजला.

हिल्केचा नवरा ट्रॅक्टर घेऊन खिंडीतून बाहेर गेला. आम्ही बघत राहिलो. पाऊस आडवा येत होता आणि धक्क्याच्या पुढे सगळं एकाच राखाडी रंगाचं झालं होतं, त्यात ट्रॅक्टरचा दिवा विरघळला. मी ओरडलो, “मंदाऽऽ!” आवाज माझ्याच तोंडावर परत आपटला. कुणीतरी बचाव होडीला फोन करत होतं, कुणी हेलिकॉप्टरला. होडी निघाली होती, पण इतक्या उथळ पाण्यात किनाऱ्याला लागेल की नाही सांगता येत नव्हतं. हेलिकॉप्टर एका बेटाकडे दुसऱ्याच कुणाला तरी वाचवत होतं. ऋताला कळवायला हवं होतं. मी तिचं नाव काढून बोट त्यावर धरलं आणि पहिलं वाक्य काय म्हणायचं ते सुचेना. फोन परत खिशात ठेवला. आता दोन्ही खिशांत एकेक फोन होता आणि मी कुणाशीच बोलू शकत नव्हतो.

ट्रॅक्टर परत आला तो चाकं अर्धी पाण्यात घेऊन. एकटाच. “रस्ता दिसत नाही,” हिल्केचा नवरा म्हणाला. “खांब दिसतात. बाई दिसली नाही.”

मग त्यांनी फळ्या बसवायला सुरुवात केली.

दोन्ही बाजूंच्या दगडांत खाचा होत्या. दोघं जण फळी उचलायचे, खाचांवर धरायचे, सोडायचे. धप्प. ओलं लाकूड ओल्या लाकडावर पडल्याचा आवाज. मी मधे उभा राहून बाहेर बघत होतो. माझे गुडघे झाकले गेले, मग कंबर, मग छाती. फळ्यांच्या फटींतून पाण्याच्या बारीक धारा माझ्या बुटांवर येत होत्या. मी मागे वळून पाहिलं तर गाव तसंच होतं. तिथे खिडक्यांना पडदे ओढत नाहीत. एका खिडकीत आजोबा खुर्चीत बसून टीव्ही बघत होते. एका ओसरीवर लहान मुलांच्या सायकली. ऋताचं घर, वाळत घातलेला मंदाचा गाऊन. सगळं माझ्या टोपीच्या खाली.

“थांबा,” मी म्हणालो. “थोडं थांबा.”

ते थांबले. खरंच थांबले. हिल्केने खिंडीच्या बाहेरच्या कडेवर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. पाणी तिथवर येईपर्यंत. पाणी पट्ट्याच्या खाली होतं. मी पट्ट्याकडे आणि खिंडीकडे आळीपाळीने बघत होतो. देवाचं नाव घ्यावं तर कुठल्या देवाची इथे ओळख आहे ते कळेना. शेवटी मी मनातल्या मनात सासऱ्यांना शिव्या दिल्या. त्यांचा हिशोब, त्यांची होडी, त्यांची नवमी. ते जाऊन वीस वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना चालण्यासारखं होतं.

एक लाट फळ्यांवरून आत आली. लहानशीच, बादलीभर. पट्टा दिसेनासा झाला.

एक फळी उरली होती. माझ्या हनुवटीपासून टोपीच्या वरपर्यंतची जागा.

हिल्के आणि सीत्से यांनी ती उचलली आणि खाचांवर आणून धरली. आणि तिथेच धरून ठेवली.

“दाबके,” हिल्के म्हणाली, “ही तुमची.”

“मी पाहुणा आहे,” मी म्हणालो. हे वाक्य मी अजून झोपेत ऐकतो. “मी इथला नाही. माझं परतीचं तिकीट आहे. तुम्ही टाका ना, मी नाही कुऱ्हाड घेऊन येणार. इथून पुण्याला गेल्यावर कुठे येणार मी?”

“आज तुम्ही इथले,” ती म्हणाली. “वजन आम्ही धरलंय. तुम्ही फक्त हात ठेवा. तुमचा हात निघाला की आम्ही सोडू.”

“आणि नाही काढला तर?”

सीत्सेचे हात वजनाने थरथरत होते. तो सत्तरीचा होता. “तर आम्ही धरून उभे राहू,” तो म्हणाला. “दमेपर्यंत.”

मागे माणसं उभी होती. कुणी मला घाई केली नाही, कुणी रागाने पाहिलं नाही. पुन्हा पाणी आलं, ह्या वेळी बादलीभर नव्हतं. ते माझ्या पायांतून वाहत रस्त्याने खाली गेलं, सायकलींच्या दिशेने. मी फळीवर हात ठेवला. गार होती, आणि गुळगुळीत. मी त्या उरलेल्या फटीतून शेवटचं पाहिलं. पाऊस, खांबांची डोकी, पाऊस. मी तिचं नाव नाही घेतलं. घेतलं असतं तर हात निघाला नसता.

हात काढला.

धप्प.

मी तिथेच मटकन बसलो, पाण्यात. बायकोला मी समुद्रात कोंडलं होतं आणि गावाने ते रीतसर पाहिलं होतं. आता सगळे घरी जातील, मी वाट बघत होतो त्याची. आजोबांचा टीव्ही चालूच होता. एकेक जण माझ्या खांद्यावर हात ठेवील आणि जाईल. आपल्याकडे मसणवटीतून परततात तसं, मागे न बघता.

कुणीच गेलं नाही.

हिल्केने आरोळी ठोकली आणि अख्खा घोळका हलला. ट्रॅक्टर भिंतीला आडवा लागला. फळ्यांच्या गाडीच्या तळातून शिड्या निघाल्या, लांबच लांब, चार की पाच. दोरखंड निघाले. लोक शिड्या लावून भिंतीवर चढत होते, दोन पावलं रुंद माथ्यावर रांगेने उभे राहत होते, हातात विजेऱ्या, एकमेकांच्या कमरेला दोर. खिडकीतले आजोबा स्वेटर घालत बाहेर आले. ट्रॅक्टरचा झोत पावसावर पडला.

“हे काय चाललंय?” मी सीत्सेला विचारलं.

“नियमाचा उरलेला अर्धा भाग,” तो धापा टाकत म्हणाला. “मघाशी राहिला. घरच्याने फळी टाकली की गाव भिंतीवर चढतं. आणि बाहेरचं माणूस आत येईपर्यंत, जिवंत किंवा कसंही, कुणी खाली उतरत नाही. स्वयंपाक नाही, गाई पिळणं नाही. त्याने गावासाठी फळी टाकली, आता गावाने—” त्याला दम लागला. “उठा, दाबके! बसलात काय? शिडी धरा.”

मी शिडी धरली. मग चढलो. भिंतीवर वारा मला ढकलत होता, पलीकडे काळं पाणी उसळत होतं, आणि डोळे मिटावेत तर पाय कुठे आहेत ते कळत नव्हतं. हिल्केने माझ्या कमरेला दोर बांधला. दुसरं टोक तिने स्वतःला बांधलं. मग ती ओरडली. मग सगळे.

“मान्दाऽ! मान्दाऽऽ!”

वेंगुर्ल्याच्या बाईला त्या किनाऱ्यावर इतकी माणसं इतक्या चुकीच्या उच्चारात हाक मारत होती. किती वेळ, ते मला माहीत नाही. उजेड उतरत चालला होता. घसा बसला की शेजारचा ओरडायचा. मी ओरडायचं थांबलो होतो. मी खांब बघत होतो. एकामागून एक. आणि मला वाटलं, एक खांब जाड आहे.

“तो बघा,” मी म्हणालो. मी हिल्केचा दोर ओढला. “तो खांब!”

खांबाने एक हात सोडला आणि पुढचा खांब धरला.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शिडी बाहेरच्या अंगाला उतरली. हिल्केचा नवरा दोर बांधून पाण्यात गेला, गळ्यापर्यंत. दोघं एक-एक खांब करत आले. शिडीवर आधी एक पिशवी वर आली. तिच्यात भाजी होती. मग मंदा. तिचे ओठ जांभळे होते आणि ती कुणाचंच काही ऐकत नव्हती. वर येताक्षणी भिंतीवर बसली आणि दोन्ही हातांनी विटा धरून ठेवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, जल्लोष केला नाही. हिल्केने नाक शिंकरलं आणि डच भाषेत काहीतरी म्हणाली. “काय म्हणते?” मी विचारलं. सीत्से म्हणाला, “गाई पिळायच्या राहिल्यात म्हणते.”

रात्री ऋता यायच्या आधी मंदा तीन रजयांत गुंडाळून बसली होती, हातात हिल्केने पाठवलेलं वाटाण्याचं सूप. डॉक्टर येऊन बघून गेला होता. आम्ही दोघंच होतो. मला ते बोलून टाकायला हवं होतं.

“मंदा,” मी म्हणालो. “ती खिंड बंद केली ना त्यांनी. शेवटची फळी मी टाकली.”

“बघितलं की.”

“बघितलंस?”

“ट्रॅक्टर वळून गेल्यावर लागले मी रस्त्याला. कमरेएवढं पाणी, खांबाला मिठी मारून. समोर ते भोक दिसत होतं, त्यात तुमची पिवळी टोपी. मी हाका मारत होते. मग भोक बुजलं.” ती सुपावर फुंकर घालत होती. चमचा वाटीला लागून किणकिणत होता.

“मग?”

“मग काय. तुम्हाला मालवणीत शिव्या घातल्या. माझ्या तोंडून तुम्ही कधी ऐकल्या नाहीत अशा. आणि खांब सोडून द्यावा असं वाटलं.” ती थांबली. “खरंच वाटलं. हात गार पडलेले, आणि तुम्हीच दार लावलेलं. म्हटलं, आता कशाला.”

मी तिच्या पायांवरची रजई सारखी केली.

“सोडलाच होता एक हात,” ती म्हणाली. “तेवढ्यात भिंतीवर उजेड झाला आणि ती पिवळी टोपी वर आलेली दिसली. तुम्ही! तुम्ही, जे गच्चीवर पापड घालायला येत नाही. भिंतीवर, वाऱ्यात, पाय लटपटताहेत ते मला तिथून दिसत होते.”

तिने सूप संपवलं आणि वाटी माझ्या हातात दिली.

“म्हटलं, गेलंच पाहिजे बाई. नाहीतर ह्यांना खाली कोण उतरवणार.”